मे महिन्यात मुंबईत रात्री लेटेक्सचं आउटडोअर शूट: लाइट कसा लावायचा आणि घामाचं काय?

निशाचर

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका डिझायनरसाठी लेटेक्सच्या (पातळ, चकचकीत रबराच्या) कपड्यांचं लुकबुक, म्हणजे फोटोंचा संग्रह, करायचं आहे. पोशाख दोन. एक काळा, अंगभर, ०.४ मिमी जाडीचा, हातमोज्यांसकट. दुसरा लाल, बिनबाह्यांचा, गुडघ्यापर्यंत. जागा फोर्टमधल्या एका जुन्या दगडी इमारतीचं आवार आणि समोरचा रस्ता, वेळ रात्री १० ते १. सामान म्हणाल तर फुलफ्रेम बॉडी, ३५ आणि ८५ मिमीच्या लेन्स, दोन स्पीडलाइट (छोटे फ्लॅश), एक ६० सेंमीचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश पसरवणारी कापडी पेटी).

चाचणीच्या फोटोंत काळा पोशाख म्हणजे नुसता काळा डाग आणि त्यावर फ्लॅशचे दोन पांढरे ठिपके. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवला की मागची भिंत उजळते, पोशाख तसाच राहतो. ठिपके घालवायला सीपीएल (चमक कापणारा ध्रुवक फिल्टर) लावावा का? आणि या उकाड्यात मॉडेलला तो पोशाख किती वेळ घालून ठेवता येईल?

प्रकाशमापक

लेटेक्सला कापड समजून लाइट लावला की हेच होतं. कापड प्रकाश सगळीकडे विखुरतं. पॉलिश केलेलं काळं रबर जवळजवळ काहीच विखुरत नाही, समोर जे असेल तेच परत दाखवतं. रात्री समोर काळं आकाश, म्हणून पोशाख काळा. फ्लॅशचं तोंड चार बोटांचं, म्हणून ठिपका. त्याच्यासमोर मोठा उजळ पृष्ठभाग आणून उभा करा, बाकीचं सोपं आहे.

३०×१२० सेंमीचे दोन स्ट्रिप सॉफ्टबॉक्स भाड्याने घ्या. मॉडेलच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, साधारण दीड मीटरवर उभे लावा. हात, पाय, कंबर हे सगळे गोल खांबच असतात, त्यामुळे उभ्या स्ट्रिपची कडेने एक लांब सलग रेघ पडते आणि आकार त्या रेघेवरच कळतो. स्ट्रिप मिळाले नाहीत तर ८×४ फुटांचा पांढरा सनबोर्ड उभा करून त्यावर स्पीडलाइट १/४ ताकदीवर मारा. फ्लॅश बोर्डाच्या एका टोकाजवळ ठेवला तर बोर्ड तिकडे जास्त आणि दुसरीकडे कमी उजळतो, आणि रबरावरची रेघ हळूहळू विरत जाते. सॉफ्टबॉक्सची कडा आरशातल्यासारखी कापलेली दिसते, त्यापेक्षा मला हे उजवं वाटतं. फक्त बोर्ड वाऱ्याला शिडासारखा धरतो. स्टँडला किमान १० किलोची वाळूची पिशवी हवीच.

जागा ठरवताना फ्लॅश उडवत बसू नका. कॅमेऱ्यापाशी उभे राहा आणि मदतनिसाला मोबाइलचा टॉर्च घेऊन मॉडेलभोवती फिरवा. टॉर्चचा ठिपका पोशाखावर जिथे हवा तिथे दिसला की लाइटची जागा तीच. स्वतः काळे कपडे घाला, पांढऱ्या शर्टातला फोटोग्राफर छातीवर स्पष्ट उमटतो.

६० सेंमीचा सॉफ्टबॉक्स फक्त चेहऱ्यासाठी, वरून, ग्रिड (प्रकाश आजूबाजूला सांडू न देणारी जाळी) लावून.

सीपीएल घरीच ठेवा. रबर धातू नाही, त्याच्या तिरक्या परावर्तनाचा मोठा भाग ध्रुवित असतो. म्हणजे सीपीएल नेमकी तुम्हाला हवी असलेली चमकच खाईल, वर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश जाईल तो वेगळाच.

सुरुवात मॅन्युअलमध्ये एफ/४, १/५० आणि आयएसओ ८०० पासून करा. मीटरवर विसंबू नका, काळं पाहून तो फ्रेम उजळवत सुटतो. रस्त्यावरचे एलईडी बरेचदा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१००. त्याहून वेगात फ्रेमवर पट्टे येण्याची शक्यता. आवारात जुने पिवळे सोडियम दिवे असतील तर फ्लॅशला फुल सीटीओ जेल (नारिंगी पारदर्शक पापुद्रा) लावून व्हाइट बॅलन्स ३००० केल्विनच्या आसपास ठेवा, पार्श्वभूमी थोडी पिवळी राहील, राहू द्या. त्या दिव्यात निळा-हिरवा भाग जवळजवळ नसतोच, त्यामुळे तो नंतर संगणकावरही पूर्ण सुधारत नाही. लाल ड्रेसच्या वेळी आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरव्या, निळ्या रंगांचा वेगवेगळा आलेख) उघडा ठेवा. एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि लाल चॅनल केव्हाच फुटलेला, म्हणजे तपशील जाऊन सपाट झालेला, असतो. एक्सपोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली घ्या.

फोकस डोळ्यावर किंवा चेनच्या दातांवर. सपाट काळ्या रबरावर ऑटोफोकस चाचपडत राहतो.

टाचणी

पोशाखाच्या बाजूने लिहिते.

लेटेक्सचा खरा शत्रू तेल. खोबरेल, बॉडी लोशन, व्हॅसलीन, डास पळवणारं क्रीम, सगळं रबर फुगवतं आणि कमकुवत करतं. मॉडेलला आदल्या रात्रीपासून केसांना तेल नको म्हणून सांगा. मानेवर ओघळलेलं तेल कॉलरच्या चिकटवलेल्या जोडात शिरलं की जोड सुटतो. दुसरा शत्रू तांबं आणि पितळ. लाल किंवा फिक्या लेटेक्सवर त्याचे तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. कडं, अंगठ्या, साखळी आधी काढायची. नाणी हाताळलेल्या बोटांनीही डाग पडतो, म्हणून ड्रेस चढवणाऱ्यांनी हात साबणाने धुवायचे. नखं कापलेली हवीत आणि रबर नेहमी बोटांच्या पेरांनी ओढायचं, नखांनी कधीच नाही.

चढवायला टाल्कम पावडर मुंबईच्या मेमध्ये निरुपयोगी. घामाने तिचा लगदा होतो आणि चेनच्या कडेने पांढरा बाहेर येतो. काळ्यावर तो लपत नाही. सिलिकोनचं वंगण वापरा, अंगभर पोशाखाला १५ ते २० मिली पुरतं. आधी पायात, मग गुडघ्यापर्यंत गोळा करून, मग वर. आत अडकलेली हवा तळहाताने कडेकडे ढकलून काढायची. राहिलेला प्रत्येक बुडबुडा स्ट्रिपच्या रेघेत वळसा होऊन दिसतो.

पॉलिशही सिलिकोनचंच. मायक्रोफायबरवर तीन-चार फवारे घेऊन एकाच दिशेने पुसा. जास्त लावलं की ओघळ दिसतात, आणि उघड्यावर त्याहून वाईट म्हणजे धूळ चिकटते. रात्रीचे किडे लाइटकडे येतातच. ओल्या सिलिकोनवर बसलेला किडा उडत नाही, चिरडतो. म्हणून पॉलिश शेवटच्या क्षणी, आणि त्याआधी मॉडेलिंग लाइट बंद.

फाटलं तर पंक्चरच्या किटमधलं रबर सोल्यूशन तात्पुरतं चालतं. आतून ०.४ मिमीचा तुकडा, दोन्ही बाजूंना पातळ थर, पाच-सात मिनिटं थांबून दाबा. मात्र हे एसी खोलीत करा. दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि थर पांढुरका पडून जोड कच्चा राहतो.

सेटवरची_ताई

वरचं सगळं मान्य, पण वेळापत्रक उकाड्यावरून ठरवा. मेमध्ये मुंबईत रात्री ११ लाही २८-२९ अंश आणि ७५-८० टक्के आर्द्रता असते. घाम येतो पण उडत नाही, आणि लेटेक्सच्या आत तर त्याला जायला वाटच नाही. शरीराची गार व्हायची मुख्य सोय बंद. अंगभर काळ्यासाठी एका वेळी २५-३० मिनिटांच्या वर जाऊ नका. मग पूर्ण काढून, पुसून, किमान अर्धा तास विश्रांती. लाल ड्रेसमध्ये हात-पाय उघडे आहेत, तिथे पाऊण तास ठीक.

म्हणून लाइट, फ्रेम, फोकस सगळं मॉडेलच्याच उंचीच्या दुसऱ्या माणसावर आधी बसवून घ्या. त्याला काळी चकचकीत कचऱ्याची पिशवी घट्ट गुंडाळा, परावर्तनाचा अंदाज बराच जमतो. मॉडेल बाहेर येईल तेव्हा फक्त क्लिक करायचं शिल्लक हवं. क्रमही काळा आधी, लाल नंतर.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवा, दर पंधरा मिनिटांनी पाऊण-एक ग्लास. नुसता पंखा रबरावर मारून फारसा उपयोग नाही, कारण घाम आत आहे. स्प्रेने बाहेरून पाणी मारून मग पंखा लावा. ०.४ मिमीचा पातळ थर असल्याने बाहेरचा गारवा आत पोचतो. थेंब नंतर मायक्रोफायबरने टिपा. आइसपॅक मानेला आणि डोक्याला. तोंड झाकणारा मुखवटा या हवेत नकोच.

चक्कर, मळमळ, डोकं दुखणं, बोलण्यात अडखळणं, यातलं काहीही दिसलं की फोटो बंद. चेन अडकली तर बोथट टोकाची कात्री घ्या आणि पोशाख कापा. डिझायनरशी हे आधीच बोलून ठेवा, त्या क्षणी किमतीची चर्चा नको. बोलणं असंबद्ध झालं किंवा भान हरपू लागलं तर अंगावर पाणी ओतत १०८ ला फोन.

लेटेक्सची ॲलर्जी आहे का, तेही आधी विचारा. रबरी हातमोजे किंवा फुग्यांनी खाज, गांधी येतात का? केळी, पपई, किवी, अवाकाडो चालत नाहीत अशांनाही कधीकधी लेटेक्स सोसत नाही. शंका असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

परवानगी: आवार खाजगी असेल तर मालकाचं पत्र. रस्त्यावर स्टँड उभा राहिला की वेगळी परवानगी लागते, ती चित्रनगरीच्या एक खिडकी योजनेतून मिळते का ते आधी पाहा.

निशाचर

धन्यवाद मंडळी. इमारतीत एसी खोली मिळते आहे. कपडे बदलणं तिथेच आणि कॅमेराही तिथेच ठेवला तर चालेल ना?

प्रकाशमापक

कपडे बदलणं तिथेच, कॅमेरा मुळीच नाही. २९ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. २२ अंशांच्या खोलीतून बाहेर आणलेल्या लेन्सवर पहिल्या मिनिटातच धुकं बसेल आणि पुसलं तरी परत येईल. ते मागच्या काचेवर किंवा सेन्सरच्या काचेवर बसलं तर तुमच्या हातात काही नाही. कॅमेरा, लेन्स, फ्लॅश नऊलाच आवारात आणून बंद बॅगेत ठेवा. एसीतून यावंच लागलं तर बॅगेची चेन न उघडता पाऊण तास बाहेर.

टाचणी

आणि खोली २५-२६ वर ठेवा, फार गार नको. अंग कोरडं झालं की पोशाख सहज चढतो, तेवढंच हवं. काढल्यावर लगेच बादलीभर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाकून आतून-बाहेरून धुवा. घामाचं मीठ सुकू देऊ नका. प्लॅस्टिकच्या रुंद हँगरवर सावलीत, एक बाजू वाळली की उलटा करून दुसरी. काळा आणि लाल एका पिशवीत ठेवू नका, काळ्याचा रंग लालवर उतरतो.