गुप्तहेर कादंबरी: वाड्यातून गेलेलं रविवर्म्याचं तैलचित्र. कुठे फसतंय?

काजळी
पुण्यातल्या वाड्यातून राजा रविवर्म्याचं साडेतीन बाय अडीच फुटांचं तैलचित्र जातं. बोभाटा नको म्हणून घरचे पोलिसांऐवजी खासगी गुप्तहेर लावतात. चोराने ब्लेडने कापून, गुंडाळून, शबनममध्ये घालून नेलंय. गुप्तहेर गड्याच्या मोबाईलचा सीडीआर (कोणाला कधी फोन केले त्याची नोंद) काढतो आणि दुबईच्या लिलावाआधी चित्र परत मिळवतो. पटतंय का?

अडाणी वकील
सीडीआर आधी काढून टाका. तो पोलीस मागवू शकतात. गुप्तहेराने चिरीमिरी देऊन मिळवला तर तुमचा नायकच आत जाईल. ठाण्यात २०१८ साली अशाच प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक झाली होती. झडती, जप्ती यांतलं काही त्याच्या हातात नाही. त्याला माणसांशी बोलू द्या: फ्रेमवाला, डागडुजी करणारा, विम्याचा सर्वेअर.

एफआयआर नाही तर विम्याचं घोडं अडणार, आणि इंटरपोलच्या यादीतही चित्र चढणार नाही, कारण तिथली नोंद पोलीस यंत्रणेमार्फतच होते. हा पेच वाया घालवू नका.

दुबई मात्र अवघड. पुरातन वस्तू आणि कलाठेव्यांच्या १९७२ च्या कायद्याखाली रविवर्म्याची चित्रं देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत, देशात विकता येतात. आधीच परदेशी असलेली लिलावात येतात खरी. म्हणजे ‘हे केव्हाच बाहेर गेलं होतं’ असे जुने कागद चोराला बनवावे लागतील. खरा गुन्हेगार तो कागद बनवणारा करा!

जुनं रोगण
शबनममध्ये मावेल इतकी बारीक गुंडाळी केली तर चित्र संपलंच. शंभर वर्षांचा तेलरंग ठिसूळ असतो. जाणकार माणूस रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळतो. अडाणी चोर रंग ‘जपायला’ आत ठेवतो, तो दबून पापुद्रे सुटतात. जिन्यावर पडलेले ते पापुद्रे हा तुमचा पहिला धागा.

दुसरा धागा स्ट्रेचरवर, म्हणजे कॅनव्हास ताणून ठोकलेल्या लाकडी चौकटीवर. कापल्यावर खिळ्यांपाशी बोटभर पट्टी उरते. सेंटीमीटरमागे उभे-आडवे धागे किती, कुठली भेग कापल्या रेषेपलीकडे जाते, यावरून सापडलेलं चित्र तेच का, हे जुळवता येतं.

काजळी
आणि त्याच पट्टीच्या रंगात टायटॅनियम निघालं तर? म्हणजे चोरीला गेलेलंच नकली?

जुनं रोगण
झकास कलाटणी, पण एका चाचणीवर निकाल देऊ नका. टायटॅनियम पांढरा बाजारात आला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, रविवर्मा गेले १९०६ साली. तरीही कडेला नंतर कोणी रंग लावलेला असू शकतो. आधी अंधारात अतिनील टॉर्च मारा: जुनं रोगण हिरवट चमकतं, वरून केलेली डागडुजी काळी दिसते. मग काळं न दिसणाऱ्या जागी एक्सआरएफ (क्ष-किरणांनी रंगातली मूलद्रव्यं ओळखणारी चाचणी). पट्टीवर अशी जागा एखादीच मिळेल, म्हणून जिन्यावरचे पापुद्रेही तपासायला द्या. तिथेही टायटॅनियम आलं तर शंका पक्की होत जाते.

अडाणी वकील
आणि ते पापुद्रे उचलताना पंच, फोटो, सीलबंद पाकीट दाखवा. गुप्तहेराने खिशात घालून आणलेला पापुद्रा कोर्टात कोणीही उडवून लावेल.