बैठी नोकरी आणि आठवड्यातून दोन दिवस खो-खो : एवढा व्यायाम पुरतो का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी २७ वर्षांची असून नागपूरच्या मिहान या उद्योग-क्षेत्रातील एका कार्यालयात दिवसभर संगणकासमोर बसून काम करते. शाळेत नववीपर्यंत मी खो-खोच्या संघात होते. दहावीचे वर्ष लागले आणि मैदान सुटले ते सुटलेच. दोन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत माझे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची रक्तातील सरासरी साखर दाखवणारा आकडा) ५.९ टक्के निघाले, म्हणजे ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व पट्ट्यात. आईला मधुमेह आहे आणि तिचे पथ्यपाणी मी लहानपणापासून पाहत आले आहे, त्यामुळे तो आकडा वाचून मी खरोखर घाबरले. डॉक्टरांनी तूर्त औषध दिलेले नाही. आहार आणि व्यायाम सांभाळून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले आहे.

जिमचे पैसे मी याआधी दोनदा भरले आणि दोन्ही वेळा महिनाभरात जाणे बंद पडले, कारण मी गेले नाही तरी तिथे कोणाचेच काही अडत नव्हते. म्हणून या वेळी मनीषनगर आणि बेसा भागातल्या नऊ मैत्रिणींना गोळा केले. आम्ही शनिवारी आणि रविवारी सकाळी साडेसहाला एका मोकळ्या मैदानावर खो-खो खेळतो. सात जणी पाठलागाला आणि तिघी पळतीला, अशी आमची वाटणी असते. एखादी आली नाही तर मधल्या पाटीवरची तिची जागा रिकामी दिसते आणि लगेच तिला फोन जातो. सात आठवड्यांत मी एकही दिवस चुकवलेला नाही; जिममध्ये हे मला कधीच जमले नव्हते.

आता माझी अडचण सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला मध्यम स्वरूपाचा १५० ते ३०० मिनिटे किंवा जोरकस स्वरूपाचा ७५ ते १५० मिनिटे व्यायाम करावा, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. आम्ही दोन दिवस मिळून १२० मिनिटे मैदानावर असतो. पण गेल्या रविवारी घोटा मुरगळलेली एक मैत्रीण कडेला बसली होती, तिने घड्याळ लावून माझे पळणे मोजले. पूर्ण तासात मी प्रत्यक्ष १७ मिनिटे पळाले होते. उरलेला वेळ चौकोनात उकिडवी बसून ‘खो’ची वाट पाहण्यात किंवा पाळी बदलण्यात गेला. पळून आल्याबरोबर मी मानेवर बोटे ठेवून नाडी मोजली, तर १५ सेकंदांत ४२ ठोके, म्हणजे मिनिटाला १६८. वय २२० मधून वजा केले तर माझ्या नाडीची कमाल गती साधारण १९३ येते, त्या मानाने हा जोरकस व्यायामच झाला. मग मी १२० मिनिटे धरायची की ३४?

दुसरे असे की, कोपनहेगन विद्यापीठात पीटर क्रुस्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात व्यायामाची सवय नसलेले पुरुष १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा छोट्या संघांत फुटबॉल खेळले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता १३ टक्क्यांनी वाढली, तर तेवढाच काळ नुसते धावणाऱ्यांची ८ टक्क्यांनी. हा हिशेब खो-खोलाही लावता येईल का, आणि शनिवार-रविवारनंतरचे पाच दिवस रिकामे गेल्याने माझ्या साखरेच्या दृष्टीने काही बिघडते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. शिवाय मैदान मुरमाचे असल्यामुळे आमच्यापैकी दोघींच्या नडग्या दुखू लागल्या आहेत.

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. ३४ मिनिटे धरा, पण ती कमी लेखू नका. पूर्वीच्या सूचनांत व्यायाम सलग दहा मिनिटांचा असावा अशी अट होती, ती २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे तुमचे वीस-तीस सेकंदांचे पळणेही जमेस धरले जाते. शिवाय दोन धावांमध्ये नाडी लगेच खाली येत नाही, म्हणजे बसलेला वेळही अगदीच वाया जात नाही. पळण्याची मिनिटे वाढवायची असतील तर बसणाऱ्या कमी करा. चार जणी पाठलागाला, दोघी पळतीला आणि खुंटांमधले अंतर थोडे कमी, असे खेळलात तर प्रत्येकीची पाळी पटकन येईल. त्या फुटबॉलच्या अभ्यासातही संघ छोटेच होते, त्याचे कारण हेच. थांबणे, वळणे आणि पुन्हा सुसाट सुटणे हे दोन्ही खेळांत सारखे आहे, म्हणून तुलना मला रास्त वाटते.

साखरेच्या दृष्टीने मात्र पाच दिवसांचा खंड मला खटकतो. काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतो आणि त्यानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो. मग तो परिणाम ओसरतो. म्हणून व्यायामाशिवाय सलग दोनपेक्षा जास्त दिवस जाऊ देऊ नयेत. बुधवारी एक खेळ ठेवा आणि सोमवारी-शुक्रवारी घरी सूर्यनमस्कार, बैठका आणि भिंतीला टेकून दंड काढा. खो-खोत मांड्यांना भरपूर काम मिळते, दंड-खांद्यांना फारसे मिळत नाही.

नडगीचे दुखणे अंगावर काढू नका. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडे आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) यांना महिने लागतात, त्यामुळे मन पळायला सांगते तेव्हा पाय तयार नसतात. त्या दोघींना दोन आठवडे नुसते भरभर चालू द्या. एका बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच जागी कळ येत असेल तर तपासणी करून घ्यावी. सगळ्याच जणींनी आधी पंधरा मिनिटे हळू धावून, एका पायावर तोल सांभाळून आणि बाजूला उड्या मारून अंग मोकळे करावे. खेळताना छातीत दुखले किंवा भोवळ आली तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे.

धागाकर्ती

मनापासून आभार. आज सकाळी चार-दोन अशी वाटणी करून पाहिली, तर तासात माझी २८ मिनिटे पळण्यात गेली. मुरमावरून हलून आम्ही मैदानाच्या मातीच्या कोपऱ्यात पाटी आखली, आणि नडगी दुखणाऱ्या दोघी कडेने चालत आमची मिनिटे मोजत होत्या. बुधवारचा प्रश्न तेवढा उरला आहे. कार्यालयातून परत येईपर्यंत सात वाजतात आणि थंडीत तर सहाच्या आतच अंधार पडतो. मनीषनगर, नरेंद्रनगर किंवा सोमलवाडा भागात संध्याकाळी दिवे असलेले, मातीचे आणि दहा मुलींना निर्धास्तपणे खेळता येईल असे मैदान कोणाला ठाऊक असल्यास कृपया इथे कळवावे. उन्हाळ्यात आम्ही सकाळची वेळ साडेपाचची करू, पण बुधवारची सोय आतापासूनच करायची आहे.