रात्री हल्ला आणि सकाळी मतदान, लोक नेमकं कशावर मत देतात?

स्नेहलतागंजची_मुलगी
नमस्कार मंडळी, एमएच्या सेमिनारसाठी मी माद्रिद २००४ घेतलंय आणि आता पार अडकलेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ११ मार्च २००४, गुरुवार, सकाळी ऑफिसच्या वेळेला माद्रिदच्या चार लोकल गाड्यांमध्ये दहा बॉम्ब फुटले, १९०हून जास्त माणसं गेली, जखमी दोन हजारांच्या आसपास. आणि लगेच रविवारी, १४ तारखेला, देशाची निवडणूक. शुक्रवारी संध्याकाळी देशभर मिळून एक कोटीच्या वर लोक रस्त्यावर उतरले, माद्रिदला धो धो पाऊस होता तरी, राजघराण्यातला युवराजसुद्धा मोर्चात चालला. सगळ्या पोलमध्ये सरकारी पक्ष पुढे होता आणि निकाल लागला तेव्हा तोच १८३ वरून १४८ वर, विरोधातले समाजवादी १२५ वरून १६४.

आता आमचे सर म्हणतात हल्ला झाला की लोक सरकारच्या मागे उभे राहतात हा सर्वसाधारण नियम, मग इथे उलटं का झालं ते सांग. आणि बाबा म्हणतात स्पेनला कशाला जातेस, २००८ला २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईत हल्ला झाला आणि २७ला सकाळी आपल्या अख्ख्या मध्य प्रदेशात विधानसभेचं मतदान होतं, ते बघ की. मी तेव्हा शाळेत होते, मला फक्त ताजचा धूर आठवतो टीव्हीवरचा. तेव्हा इंदूरमध्ये लोक काय बोलत होते? मतांवर फरक पडला का? कोणी सांगेल का प्लीज.

पेन्शनर_मास्तर
बेटा, मी त्या निवडणुकीत पीठासीन अधिकारी होतो, देपालपूरच्या बाजूला एका खेड्यातल्या शाळेत. २६ला सकाळी सामान घेतलं, बसने संध्याकाळपर्यंत पोचलो, कोटवाराने खाटा आणि चादरी आणून दिल्या, डाळ-बाटी झाली, मशीन उशाशी घेऊन झोपायच्या तयारीत होतो. टीव्ही कुठून असणार. साडेदहा-अकराच्या सुमारास आमच्या दलातल्या एकाच्या मेहुण्याचा फोन आला, तो तिकडे ठाण्याला नोकरीला होता, म्हणाला व्हीटीला गोळीबार झालाय, गँगवॉर असेल. आम्हीही तेच समजलो. रेंज अशी की शाळेच्या ओट्यावर एका कोपऱ्यात उभं राहिलं तरच आवाज यायचा, म्हणून तो बिचारा रात्रभर त्या कोपऱ्यातच. पहाटे कुणीतरी ट्रान्झिस्टर आणला तेव्हा कळलं की हेमंत करकरे गेले, कामटे गेले, साळसकर गेले. आम्ही दलात दोघं मराठी होतो, आमचं मन कशात लागेना, पण मॉक पोल करायचा होता, सील लावायची होती, दोन्ही पार्टीचे एजंट दारात उभे. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला तुमच्या दिल्लीच्या सरकारने वाट लावली, दुसरा म्हणाला समुद्रातून आलेत ते, तुमचा भोपाळवाला काय समुद्र सांभाळतो का. तेवढंच. मग दोघं आपापल्या याद्यांवर टिका मारत बसले.

दिवसभर रांगेत मी कान देऊन होतो. वीज किती तास येते, सोयाबीनला भाव काय मिळाला, अमक्याच्या मुलीचं लाडली लक्ष्मी योजनेत नाव लागलं का, हेच. बाया तर मुंबईचं बोलत होत्या ते "कुणाचं कुणी आहे का तिकडे" एवढ्यापुरतं. शहरातलं वातावरण वेगळं असेल, ते शहरवाल्यांनी सांगावं. पण मत फिरवायला लोकांना वेळ तरी कुठे होता? एका रात्रीत गाव आपलं ठरलेलं मत बदलत नाही, मी आयुष्यभर इलेक्शन ड्यूटी केली, सांगतो.

रामबागचा_राजा
मास्तर तुमचा आदर आहे पण शहरात तसं अजिबात नव्हतं हो. आमच्या गल्लीत रात्रभर कुणी झोपलं नाही, ज्याच्या त्याच्या घरी टीव्ही चालू, आणि इंदूरच्या प्रत्येक मराठी घरात कुणी ना कुणी मुंबईला असतंच, आमची आत्या गिरगावात, फोन लागत नव्हता, आई देवापुढे बसलेली. सकाळी मत द्यायला गेलो तर लायनीत एकच विषय. कसले पोहे नि कसली जिलेबी, नाक्यावर लोक नुसते केंद्र सरकारला शिव्या घालत होते. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये बंदी असलेल्या सिमी संघटनेचा सफदर नागोरी आणि त्याची टोळी आपल्या इंदूरमध्येच पकडली गेली होती, म्हणजे भीती काही लांबची नव्हती भिया. प्रचार थांबलाय म्हणायचं फक्त, टीव्ही तर चालूच होता ना, त्याहून मोठा प्रचार कोणता? फरक पडला, शंभर टक्के पडला. भाजप जिंकली की नाही?

आकडेमोड
जिंकली, पण १७३ वरून १४३ वर येऊन जिंकली. २३० पैकी. लाट असती तर तीस जागा घटल्या असत्या का?

आणि फक्त मध्य प्रदेश बघून चालणार नाही, त्या हंगामात अजून राज्यं होती. दिल्लीत २९ नोव्हेंबरला मतदान, म्हणजे ताजमधली चकमक ज्या सकाळी संपली त्याच दिवशी. आदल्या दिवशी दिल्लीच्या पेपरांत भाजपची पहिल्या पानावर जाहिरात होती, दहशतवाद, दुबळं सरकार, आम्हाला मत द्या, अशी. निवडणूक कायद्यातल्या कलम १२६ची मतदानाआधीच्या ४८ तासांची बंदी सभांना आणि टीव्हीला, छापील जाहिरातीला नाही, म्हणून चाललं. तरी काँग्रेसच्या शीला दीक्षित तिसऱ्यांदा आल्या. राजस्थानात ४ डिसेंबरला मतदान, तोवर लोकांनी सगळं बघून झालं होतं, केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटलांचा राजीनामासुद्धा झाला होता. तिथे भाजपचं सरकार होतं, ते पडलं, काँग्रेस ९६ आणि भाजप ७८. केंद्रावरच्या रागाने मतदान झालं असं धरलं तर दिल्ली आणि राजस्थान कुठे बसवणार?

बाईसाहेब, सेमिनारमध्ये तिन्ही राज्यं शेजारी ठेवा. एकटा मध्य प्रदेश घेतलात तर हवं ते सिद्ध करता येतं.

रामबागचा_राजा
आकड्यांनी मन मोजता येत नाही साहेब 🙏

घाटकोपर_ते_पलासिया
मन मोजायचंच असेल तर मुंबई बघा. मी तेव्हा मुंबईत नोकरीला होते, लग्नानंतर इंदूरला आले. ३ डिसेंबर २००८ला संध्याकाळी गेटवेला जी गर्दी झाली ती मी आयुष्यात विसरणार नाही, ऑफिसमधून सगळे गेलो होतो, कुणी बोलावलं नव्हतं, नुसते एसएमएस फिरत होते. पण ती गर्दी शोकसभा होती की मोर्चा तेच कळत नव्हतं. एका बाजूला मेणबत्त्या, फुलं, रडणारी माणसं, त्यांच्यापासून दहा पावलांवर पोरं पुढाऱ्यांच्या नावाने बोंब मारतायत, पलीकडे कुणी टॅक्स भरणार नाही म्हणून बोर्ड धरलाय, कुणी पाकिस्तानवर हल्ला करा म्हणतंय. माझ्या शेजारी एक म्हातारे पारशी गृहस्थ होते, हातात विझलेली मेणबत्ती, ते कुणाशीच बोलत नव्हते, आणि एक चॅनलवाला पोरगा त्यांच्या तोंडापुढे माइक धरून विचारतोय गुस्सा आ रहा है क्या. राग आलाय हेच ऐकायचं होतं त्याला, दुसरं काही चालणार नव्हतं.

राजीनामे मिळाले. राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतातच असं बोलले म्हणून गेले, मुख्यमंत्री विलासराव ताजमध्ये मुलाला आणि रामगोपाल वर्माला बरोबर घेऊन फिरले म्हणून गेले. मग? ३० एप्रिल २००९ला मुंबईत लोकसभेचं मतदान, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, मतदान ४१ टक्क्यांच्या आसपास. आमच्या ऑफिसचा निम्मा स्टाफ, तोच गेटवेवाला, लोणावळा आणि अलिबागला. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादीला. विलासराव केंद्रात मंत्री झाले, आबा, म्हणजे आर. आर., त्याच वर्षी परत राज्याचे गृहमंत्री. आता याला शिक्षा म्हणायचं का माफी म्हणायचं मला नाही माहीत, पण माद्रिदमध्ये असं झालं नाही एवढं खरं.

आकडेमोड
हो, तिथे मतदान वाढलं होतं. २०००ला ६९ टक्क्यांच्या जवळ, २००४ला ७५च्या वर. आणि खरी गंमत पुढे आहे, सत्ताधारी पक्षाची मतं फार पडलीच नाहीत, पाच-सहा लाखांनी कमी झाली, एवढंच. समाजवाद्यांची मात्र तीस लाखांच्या वर वाढली. म्हणजे सरकारचे मतदार बऱ्यापैकी जागच्या जागी राहिले, मागच्या वेळी घरी बसलेले आणि नवे पोरंपोरी बाहेर पडले.

विदेशी_बातम्या
ते का बाहेर पडले ते बघा ना, तिथेच तर तुमच्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. हल्ला झाला म्हणून नाही. तिथला पंतप्रधान आस्नार, त्याने ९० टक्के लोक विरोधात असताना इराकमध्ये सैनिक पाठवले होते. हल्ला अल कायदाच्या विचाराच्या टोळीने केला असेल तर लोक म्हणणार हे तुमच्या इराकमुळे, आणि एटाने, म्हणजे बास्क फुटीरवाद्यांनी केला असेल तर सरकारचा कडकपणा बरोबर होता असं ठरणार. तीन दिवसांवर मतदान. मग सरकारने एटा एटा लावलं. आस्नारने संपादकांना स्वतः फोन केले, राजदूतांना सूचना गेल्या, आणि कहर म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी ठराव १५३० केला त्यात एटाचं नाव घालून घेतलं! इकडे पोलिसांना पहिल्याच दिवशी एक व्हॅन सापडली, त्यात डिटोनेटर आणि कुराणाच्या आयतांची कॅसेट. मग न फुटलेली एक बॅग, तिच्यातला मोबाइल, त्याच्या सिमकार्डवरून शनिवारी धरपकड. तीन मोरोक्कोचे आणि दोन आपले भारतीय, फोनच्या दुकानाशी संबंधित. त्या दोन भारतीयांचा कटाशी संबंध नव्हता, ते नंतर सुटले.

आणि शनिवार हा तिथे प्रचारबंदीचा दिवस. त्या दिवशी एसएमएस फिरले, खाली एकच शब्द, पासालो, म्हणजे पुढे पाठवा. संध्याकाळी सत्ताधारी पक्षाच्या कचेरीसमोर हजारो लोक, मागणी एकच, मतदानाच्या आधी आम्हाला खरं सांगा. शोक शुक्रवारी होता, राग शनिवारी आला, आणि राग बॉम्बवाल्यांवर नव्हता, आपल्याला मूर्ख समजणाऱ्यांवर होता. मुंबईत केंद्र सरकार गाफील होतं, हतबल होतं, सगळं होतं, पण हल्ला कुणी केला याबद्दल खोटं बोललं नाही. कसाब तर जिवंत हातात होता, तुकाराम ओंबळेंच्या कृपेने. माझ्या मते फरक इथे आहे.

रामबागचा_राजा
म्हणजे नालायकपणा चालतो, खोटेपणा नाही? वा!

विदेशी_बातम्या
चालतो असं नाही म्हणालो दादा. नालायकपणा लोक पाच वर्षांच्या हिशोबात धरतात, त्यात रस्ते पण असतात, गॅस पण असतो. खोटं पकडलं गेलं की तेवढ्यावरच मत पडतं, तेही मतदान जवळ असेल तर. माद्रिदची निवडणूक सहा महिन्यांनी असती तर काय झालं असतं यावर तिकडे आजही वाद घालतात.

लोकमान्यनगरची_मावशी
सगळे मतांचंच बोलतायत, गेलेल्यांच्या घरच्यांचं कुणीच नाही. अगं मुली, तुझ्या सेमिनारमध्ये हे पण घाल. स्पेनच्या संसदेने चौकशी समिती नेमली, तिथे पक्ष एकमेकांवर धावून जायचे, हसायचे, टाळ्या वाजवायचे. डिसेंबर २००४मध्ये पिलार मानहोन नावाच्या बाईंना साक्षीला बोलावलं, त्यांचा तरुण मुलगा त्या गाडीत गेला होता. त्यांनी सगळ्या पक्षांना समोरासमोर विचारलं की तुम्ही इथे हसत कशाला होतात. आपल्याकडे मेजर संदीप उन्नीकृष्णनच्या वडिलांनी केरळच्या मुख्यमंत्र्यांना घरात घेतलं नाही, कविता करकरेंनी गुजरात सरकारचे एक कोटी नाकारले. का नाकारले असतील? करकरेंच्या मालेगाव बॉम्बस्फोटाच्या तपासावर तर त्या प्रचारात टीका चालू होती, आणि २६च्या रात्रीनंतर टीका करणारेच श्रद्धांजली वाहायला पुढे. पुढे २०१९ला त्याच प्रकरणातल्या आरोपी प्रज्ञा ठाकूर आपल्या भोपाळहून उभ्या राहिल्या, करकरेंना मी शाप दिला होता म्हणाल्या, ओरड झाल्यावर शब्द मागे घेतले, आणि साडेतीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आल्या. २०२५ला कोर्टाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं, ते कोर्टाचं कोर्टाकडे. मी बोलतेय ते शहीद म्हणून फोटोला हार घालणाऱ्यांबद्दल. आमच्या भजनी मंडळातल्या बायका करकरेंसाठी रडलेल्या मला आठवतात गं, त्यांतल्याच काहीजणी २०१९ला म्हणाल्या जाऊ दे, जुनं झालं.

पेन्शनर_मास्तर
मावशी अगदी खरं बोललात. आणि २०१९चं निघालंच आहे तर पुलवामा पण धरा. १४ फेब्रुवारीला ४० जवान गेले, २६ला बालाकोट, एप्रिलपासून मतदान. निवडणूक आयोगाने ९ मार्चला सांगितलं की सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका, आणि ९ एप्रिलला लातूर जिल्ह्यात औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्यांना पुलवामाच्या शहिदांचं नाव घेऊन आवाहन केलं. आयोगाने त्यात आचारसंहितेचा भंग नाही म्हटलं, आयोगातल्याच अशोक लवासांचं मत वेगळं पडलं. डिसेंबर २०१८ला आपल्याकडे काँग्रेसचं सरकार आलं होतं आणि सहा महिन्यांत लोकसभेला भाजप २९ पैकी २८. तुझ्या सरांचा नियम बघायचा असेल तर तो इथे दिसेल. तिथे सरकारकडे दाखवायला काहीतरी होतं, २००८ला आणि माद्रिदला नव्हतं.

आकडेमोड
२८ मध्ये पुलवामा किती आणि घरं-शौचालयं-गॅस किती हे वेगळं काढायचं कसं? विधानसभेला एक आणि लोकसभेला दुसरं असं लोक तसंही करतात.

स्नेहलतागंजची_मुलगी
बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांना खूप खूप थँक्यू 🙏 मी आता असं करतेय, माद्रिद मुख्य ठेवते, आणि सोबत मुंबई २००९, कारण मेणबत्त्या दोन्हीकडे होत्या, मतदान एकीकडे वाढलं आणि दुसरीकडे नाही, हे मला सगळ्यात टोचलं. राजस्थान-दिल्ली एका पानात. पुलवामाला हात लावला तर वर्गात मारामारी होईल, सरच म्हणतील बस कर. मास्तर, तुमच्या ड्यूटीचं लिहिलेलं वापरलं तर चालेल का, गावाचं नाव घेणार नाही. आणि २८ नोव्हेंबर २००८चा नईदुनिया पेपर कुणाकडे आहे का? लायब्ररीतल्या फायलीत नेमका तोच महिना बाइंडिंगला गेलाय.

पेन्शनर_मास्तर
वापर बेटा. दोन एजंटांचं बोलणं जरूर घाल, ते शब्दाला शब्द तसंच आहे.

रामबागचा_राजा
माझ्याकडे २७ ते ३० सगळे अंक आहेत, काकांनी जपून ठेवलेत. घरी येऊन फोटो काढून घे, बाहेर नेऊ देणार नाहीत ते. आणि वाचून झाल्यावर इथे येऊन सांग, लोक तेव्हा चिडलेले होते की नव्हते.