थर्टी फर्स्टची नाकाबंदी आणि ‘शिस्तीतले’ दोन पेग

हिशेबनीस:
‘मोकळा रस्ता’ यांनी काल लिहिलंय की बार पहाटे पाचपर्यंत उघडे ठेवायचे आणि पोलिसांनी बाहेर श्वास तपासायचं मशीन घेऊन उभं राहायचं, ही शुद्ध वसुली. दोन लार्ज घेऊन शिस्तीत गाडी चालवणारा गुन्हेगार नव्हे, खरा धोका मोबाइलवर बोलत जाणाऱ्यांचा. त्याखाली ‘सहमत’, ‘+१’ची रांग लागली आहे, म्हणून हे लांबण.

दोन लार्ज म्हणजे १२० मिली व्हिस्की. सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात त्यानं १०० मिलीमागे साधारण ८० मिलिग्रॅम अल्कोहोल जातं. कायद्याची मर्यादा ३०. उतरतं तासाला १५च्या आसपास. लिंबूपाणी, काळी कॉफी, डोक्यावर गार पाणी, कशानंही तो वेग वाढत नाही. साडेबाराला ग्लास खाली ठेवणारा चारच्या सुमारास कुठे मर्यादेपाशी येतो. आणि शिस्तीत चालवतोय की नाही हे ठरवणार कोण? तोच, ज्याची ठरवायची शक्ती सगळ्यात आधी ढिली पडलेली असते!

आमच्याच मित्रमंडळात बघतो. चिकन किती किलो, सोडा किती, बर्फ कोण आणणार, यासाठी महिनाभर आधी ग्रुप निघतो. परत कोण कसं जाणार, हे मात्र दीड वाजता पार्किंगमध्ये खिसे चाचपताना ठरतं. तेव्हा सगळ्यात जास्त झालेला पुढे येऊन म्हणतो, ‘मी आहे ना!’

मोकळा रस्ता:
गणित छान आहे. आता माझंही सोडवा. परमिट रूमला पाचची परवानगी सरकारच देतं. मेट्रो अकराला बंद. तीच मेट्रो विसर्जनाला रात्रभर धावते, तेव्हा कसं जमतं? मुंबईत जादा लोकल तरी सोडतात. पुण्यात काय? दीड वाजता कोरेगाव पार्कातून वाकडला रिक्षानं येऊन दाखवा. आधी ‘तिकडं नाही जात’, मग आठशे, वर हाफ रिटर्न, म्हणजे परतीचं निम्मं भाडं.

आणि मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोघांचे जीव गेले, तेव्हा ती चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला जामीन देताना काय सांगितलं? ३०० शब्दांचा निबंध. आम्ही फुंकर मारली की दहा हजार आणि कोर्टाची पायरी. तिथं गेला नाही तुमचा हिशेब!

तीनचाकी:
रिक्षावर आलातच म्हणून लिहितो. माझे वडील रिक्षा चालवतात. थर्टी फर्स्टला मागच्या सीटवर उलटी होते. पहाटे ती रिक्षा बोअरच्या पाण्यानं धुवायला मी असतो. सीट आणि पत्र्याच्या फटीत गेलेलं निघत नाही, जुना टूथब्रश घालून खरवडावं लागतं. वास तरी राहतोच आणि सकाळचं शाळेचं भाडं जातं. उतरताना गिऱ्हाइक झोपलेलं, पैसे मागितले की हमरीतुमरी. आठशे जास्त वाटतात? आधी तुमच्या टेबलाचं बिल किती झालं ते टाका इथं.

औंधची माई:
उलटीचे पैसे घ्या, जरूर घ्या. पण संध्याकाळी सात वाजता, हातात भाजीची पिशवी घेतलेल्या, पूर्ण शुद्धीतल्या बाईला मंडईतून डेक्कनला ‘नाही’ म्हणतात, ते कुठल्या उलटीसाठी? मीटर काय शोभेला लावलाय?

तीनचाकी:
मावशी, लक्ष्मी रोडला त्या वेळी अर्धा तास अडकून मीटरवर किती होतात, माहितेय?

औंधची माई:
मावशी म्हटलंस म्हणून प्रश्न टळत नाही. अडकण्याचेही पैसे मीटर मोजतो. वेटिंग कशाला असतं त्यात?

मोकळा रस्ता:
माई, तुम्हाला शंभर टक्के अनुमोदन. बघा हिशेबनीस, लोक हौसेनं स्वतःची गाडी काढत नाहीत.

केसपेपर:
रिक्षा आवरा आता. मी कॅज्युअल्टीत रात्रपाळी करते. मागच्या १ जानेवारीला पहाटे एक दूधवाला आणला. सायकलला कॅन लावून निघालेला, मागून कारनं उडवलं. शर्ट कापताना रक्ताआधी दुधाचा वास आला. मांडीचं हाड मोडलेलं, आणि तो पुन्हा पुन्हा विचारत होता, कॅन कुठे आहेत. चालवणारा बाहेर बाकावर. खरचटलंसुद्धा नव्हतं. मला म्हणाला, ‘सिस्टर, ब्लड घ्यायलाच पाहिजे का? मी झोपून उठून निघालोय, उतरलीये माझी.’

एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, रिचवली की हिशेबनीसांच्याच गणितानं आकडा १२० होतो. ३० वर यायला सहा तास. तीनला आडवा होऊन सहाला उठणारा प्यालेलाच असतो, फक्त तोंड धुतलेला.

मोकळा रस्ता:
किस्से सगळ्यांकडे असतात. माझे मामा आयुष्यभर घेऊन लुना चालवायचे. कधी ओरखडा नाही.

केसपेपर:
त्यांच्या वाटेत आलेल्यांना विचारलंत कधी? तुमचा किस्सा म्हणजे पुरावा आणि माझा म्हणजे किस्सा, वा!

मोकळा रस्ता:
नर्सबाई, आवाज खाली. इथं कुणी तुमचा पेशंट नाही.

केसपेपर:
अजून नाही.

विमापत्र:
कोरडी माहिती देतो, भांडण चालू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा पंधरा हजार, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. खरा फटका पुढे बसतो. प्यालेला असाल तर स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारतात. मशीन लावलंच नव्हतं ही पळवाटही नाही, बाकीच्या पुराव्यावरून नशा दिसली तरी पुरे, असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये म्हटलंय. समोरच्याची भरपाई कंपनी देते, पण कोर्ट अनेकदा ती मालकाकडून वसूल करायला सांगतं. फ्लॅट विकायची वेळ येते. आणि २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर प्यालेल्या चालकाच्या गाडीखाली मेले, त्यात तीन वर्षांची सजा २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात कायम झाली. तिथं निबंध नव्हता.

मोकळा रस्ता:
सात जिवांना तीन वर्षं, आणि हे तुम्ही कौतुकानं सांगताय. असो. यंदा गाडी घरी ठेवतो, टाळ्या वाजवा सगळ्यांनी. पण पाचपर्यंत दारू विकायला देणारं सरकार दीडला घरी जायची सोय करत नाही, यावर हिशेबनीसांची एक ओळ नाही.

हिशेबनीस:
घ्या ओळ. बारवाल्याकडे दारू पिण्याच्या पाच रुपयांच्या एकदिवसीय परवान्यांचे गठ्ठे असतात, टेबलावर कोण बसलंय ते न बघता फाडतात. पाचपर्यंतची परवानगी हवी ना? मग दारात चालकांची आणि गाड्यांची व्यवस्था ही अट घाला, नसेल तर बाराला शटर खाली. मेट्रोचं तुमचं म्हणणं रास्त आहे, नाइलाजानं का होईना, मान्य. पण मेट्रो सुरू होईपर्यंत चावी तुमच्या खिशात राहणार, हे मान्य नाही.

तीनचाकी:
म्हणजे बारवाल्याच्या गाड्या दारात उभ्या राहणार आणि आमचं त्या एका रात्रीचं भाडंही जाणार. लै भारी.

औंधची माई:
भाडं हवंय ना? मग मंडई ते डेक्कन. अजून उत्तर आलेलं नाही.