१४ ऑक्टोबर की दसरा?

वर दोघांनी विचारलंय की फळ्यावरच्या दिनविशेषात धम्मदीक्षा १४ ऑक्टोबरला लिहायची, मग दीक्षाभूमीवर गर्दी वेगळ्या दिवशी का? १९५६ साली दसरा नेमका १४ ऑक्टोबरला आला होता. मुख्य सोहळा तिथीने, म्हणून २०२३ ला २४ ऑक्टोबर, २०२४ ला १२, २०२५ ला थेट २ ऑक्टोबर. फळ्यावर तारीखच ठेवा, कंसात 'अशोक विजयादशमी, १९५६' लिहा, म्हणजे वाद मिटतो.

खरी गोची जुन्या नोंदींत होते. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ घ्या. शकात सरसकट ७८ मिळवले की १६२९ येतं आणि फळा चुकतो. १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवायचे, म्हणून १६३०. त्यातही १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च. हा फरक १७०० च्या फेब्रुवारीपर्यंत १० दिवसांचा, पुढे ११.

इंग्रजांच्या कागदांत आणखी एक मेख: १७५२ पूर्वी त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे त्यांच्या पत्रातला 'फेब्रुवारी १६२९' हा आपला १६३०.

नागपूरच्या सीताबर्डीच्या लढाईला मात्र (२६-२७ नोव्हेंबर १८१७) यातलं काहीच लागत नाही, इंग्रजांनी तोवर कॅलेंडर बदललं होतं. फक्त एकच तारीख लिहू नका, लढाई दोन दिवस चालली.