राष्ट्रपती निवडणूक: महाराष्ट्राच्या २८३ मतांचा हिशेब

(कुटुंबाचा ग्रुप, शुक्रवार, २२ जुलै २०२२)

दादा: राज्यवार आकडे आले. आपल्या विधानसभेतून द्रौपदी मुर्मूंना १८१, यशवंत सिन्हांना ९८, चार मतं बाद. २८७ पैकी २८३ आमदारांनी मतदान केलं.

मावशी: मुख्यमंत्री शिंदे तर दोनशे म्हणत होते. मग बाकीचे कुठे गेले? आमच्या आमदाराने कोणाला मत दिलं हे कळेल का?

नाना: नाही कळणार. गुप्त मतदान असतं आणि पक्षाला व्हिपही, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा आदेशही, काढता येत नाही. मागच्या महिन्यातली राज्यसभेची निवडणूक वेगळी होती. तिथे आमदाराला मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, त्यावरूनच शिवसेनेचे आमदार सुहास कांदेंचं मत बाद झालं. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत कोणालाच दाखवायची नाही. गुलाबी मतपत्रिका, आयोगाने दिलेला जांभळ्या शाईचा पेन, नावापुढे पसंतीचा आकडा, संपलं.

धाकटी: नानाआजोबा, १८१ आमदार म्हणजे १८१ मतं नाहीत ना? टीव्हीवर मुर्मूंना ६,७६,८०३ मतं सांगत होते.

नाना: बरोबर पकडलंस. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. राज्याची लोकसंख्या भागिले आमदार, परत भागिले हजार. १८१ गुणिले १७५ करून बघ.

धाकटी: ३१,६७५. आणि सिन्हांची १७,१५०. पण आपली लोकसंख्या ११ कोटींच्या वर आहे, भागाकार ३९० येतोय!

नाना: कारण हिशेबात १९७१ची जनगणना धरतात, तेव्हा आपण पाच कोटी चार लाख होतो. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचं वजन घटू नये म्हणून १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने तो आकडा गोठवला. पुढे ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. केरळचं मत आज १५२चं आहे, आपल्या १७५च्या फार मागे नाही. २०११चे आकडे लावले तर केरळ २३९, आपण ३९० आणि उत्तर प्रदेश ४९६. मला हे गोठवणं योग्यच वाटतं. लोकसंख्या आटोक्यात ठेवली म्हणून कोणाचा आवाज लहान का व्हावा?

दादा: नाना, पटतंय. पण मला या वेळी सगळ्यात विशेष वाटलं ते शिवसेनेचं. ४ जुलैला विश्वासदर्शक ठरावावर शिंदे आणि ठाकरे हे दोन्ही गट एकमेकांविरुद्ध उभे होते. व्हिप खरा कोणाचा यावर भांडण कोर्टात गेलंय. आणि १८ तारखेला त्याच विधान भवनात दोघांचाही पाठिंबा मुर्मूंनाच!

मावशी: उद्धव ठाकरेंनी आघाडी सोडून पाठिंबा कसा दिला पण? काँग्रेस-राष्ट्रवादी तर सिन्हांबरोबर होते.

नाना: पक्षातल्या आदिवासी नेत्यांनी आग्रह केला असं ते म्हणाले. त्यांचं स्वतःचं मत मात्र नव्हतंच, विधान परिषदेच्या आमदारांना या निवडणुकीत मत नसतं. आणि शिवसेनेचं हे पहिल्यांदा नाही. २००७ला युतीचा पाठिंबा भैरोसिंह शेखावतांना होता, तरी बाळासाहेबांनी प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. मराठी बाई राष्ट्रपती होतेय, पक्ष कुठला ते बघायचं नाही, ही भूमिका होती. जळगावची मुलगी राष्ट्रपती भवनात गेली, तो दिवस मी विसरणार नाही. २०१२लाही भाजपचा पाठिंबा संगमांना आणि शिवसेनेचा प्रणब मुखर्जींना.

मावशी: भावोजी, पक्षाने जाहीर सांगितलं ते ठीक. मला राग येतो तो न सांगता केलेल्या मतदानाचा. माझ्या मतावर निवडून आलेला माणूस माझ्या नावाने १७५चं मत टाकतो आणि मला पत्ता नाही? राज्यसभेला दाखवता, मग इथे लपवायचं काय?

दादा: मावशी, दाखवणं पक्षाला असतं, तुला नाही. उद्या इथेही दाखवायला लावलं तर आमदार पक्षाच्या धाकात मत देईल. राष्ट्रपती पक्षाचा नसावा असं म्हणायचं आणि मत मात्र पक्षाने मोजून घ्यायचं, हे जमणार नाही.

मावशी: मग आमदाराने आधीच जनतेला सांगावं, मी अमुक कारणासाठी अमुक उमेदवाराच्या बाजूने आहे. एवढी हिंमत नको?

नाना: हे मान्य. २५ आमदार तर अनुसूचित जमातींच्या राखीव जागांवरचे आहेत. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीतल्या मतदाराला यंदा ते कारण ऐकायचा हक्क होताच. देशाला पहिल्या आदिवासी राष्ट्रपती मिळतायत.

धाकटी: खासदारांची मतं पण महाराष्ट्राच्या १८१मध्ये आहेत का?

नाना: नाहीत. आपले ४८ लोकसभेचे आणि १९ राज्यसभेचे खासदार, त्यांची मतं संसदेच्या गठ्ठ्यात वेगळी मोजतात, प्रत्येकी ७००ची. एरवी ७०८ असतात, पण सध्या जम्मू-काश्मीरला विधानसभा नाही म्हणून कमी झाली.

मावशी: सोमवारी शपथविधी आहे ना? सगळ्यांनी बघा. मुलांनाही बसवा टीव्हीसमोर.