सज्ञान माणूस हरवला तर चोवीस तास थांबायचे कशासाठी?

मुक्ता
गेले दोन दिवस एका निवृत्त अधिकाऱ्यांची पोस्ट फिरते आहे. म्हणणे असे की अठरा वर्षांवरचा माणूस घरातून गेला तर चोवीस तास तक्रारच घेऊ नये. बहुतेक जण रागाने गेलेले असतात, आपापले परत येतात, आणि बंदोबस्त, कोर्ट, तपास यांतून पोलिसांना तेवढा वेळ नाही. खाली लोकांनी माना डोलावल्यात. वाचून संताप झाला, म्हणून जरा लांब लिहिते.

चोवीस तासांचा नियम कुठेही लिहिलेला नाही. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, नव्हता; तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या बीएनएसएसमध्येही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) नाही. खबर आली की ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला घ्यायची, मिसिंग रजिस्टरला नंबर द्यायचा, बिनतारी संदेश काढायचा. पहिल्या तासाचे काम आहे हे.

थांबल्याने काय हातचे जाते ते बघा. सोसायटीच्या नाहीतर दुकानाच्या सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरला बहुतेकदा एक टीबीची डिस्क असते. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे दिवसरात्र चालू असले की सहा ते बारा दिवसांत जुने चित्रण पुसले जाते. हवालदार आज-उद्या करत पंधराव्या दिवशी पोहोचला तर मालक म्हणतो, ‘साहेब, मागचं राहिलं नाही.’ वेळेत गेला तरी आधी डीव्हीआरचे घड्याळ मोबाइलशी ताडायचे आणि फरक पंचनाम्यात लिहायचा. नाहीतर घड्याळ वीस मिनिटे पुढे असते आणि माणूस भलत्याच लोकलमध्ये शोधला जातो. मोबाइलचे तसेच. चालू आहे तोवर लोकेशन मिळते, बॅटरी संपली की उरतो शेवटचा टॉवर. शहरात काही शे मीटरचा परिसर, गावाकडे काही किलोमीटरचा.

नवी मुंबईतल्या कळंबोलीचे अश्विनी बिद्रे प्रकरण आठवा. बेपत्ता व्यक्ती स्वतः सहायक पोलीस निरीक्षक. एप्रिल २०१६ मध्ये गेल्या, अपहरणाचा गुन्हा दाखल झाला जानेवारी २०१७ मध्ये, वरिष्ठ निरीक्षकाला अटक डिसेंबर २०१७ मध्ये, खुनासाठी जन्मठेप एप्रिल २०२५ मध्ये. मृतदेह मिळालाच नाही. खात्यातल्या बाईंच्या घरच्यांची ही गत, तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचे?

अठरा वर्षांखालचे मूल हरवले की थेट एफआयआर, हे सुप्रीम कोर्टाने १० मे २०१३ ला बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत सांगितले. अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरायची, चार महिन्यांत मूल न मिळाल्यास तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे द्यायचा. तेच सज्ञानांना लावा, एवढीच मागणी आहे.

हेड_मोहरर
चोवीस तासांबद्दल वाद नाही. जो ठाणे अंमलदार तसे सांगून माणसाला परत पाठवतो त्याच्यावर कारवाई व्हावी, याला माझी सही समजा. पण एफआयआर कुठल्या कलमाखाली घेणार? अल्पवयीनाला बीएनएसचे (भारतीय न्याय संहिता) अपहरणाचे कलम १३७(२) लागते, कारण तिथे मुलाची संमती कायदा मोजत नाही. सज्ञानाला नेले म्हणायचे तर बळजबरी किंवा फसवणूक दिसायला हवी. सुप्रीम कोर्टाचा ललिता कुमारी निकाल सगळे तोंडावर फेकतात, पण १२ नोव्हेंबर २०१३ च्या त्या निकालातही दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तरच नोंद बंधनकारक आहे. पस्तिशीचा माणूस बायकोशी भांडून पंढरपूरला गेला, यात गुन्हा कुठला?

आणि गुन्हा नोंदवला की आरोपीचा रकाना येतो. घरचे कुणाचे नाव घालतील हे सांगायला नको.

ओढ्याकाठची
मोहरर साहेबांनी अर्ध्यावर सोडले ते मी पुरे करते. तेविशीची मुलगी मर्जीने लग्न करायला घर सोडते, बाप मिसिंगची तक्रार देतो. मग संशयित म्हणून मुलाचे नाव, त्याच्या आईला चौकीत बसवणे, शोधपत्रिका मुलीच्या फोटोसकट गावभर. ती सापडली की तिचा जबाब एकटीचा, महिला अंमलदारासमोर घ्यायचा. ‘मर्जीने गेले, परत जायचे नाही’ असे म्हणाली तर नोंद बंद करायची आणि पत्ता घरच्यांना द्यायचा नाही. घडते उलट. बाप ठाण्यात आधीच बसवलेला असतो. सुप्रीम कोर्टाच्या शक्ती वाहिनी निकालाने २०१८ मध्येच अशा जोडप्यांसाठी जिल्हावार विशेष कक्ष सांगितले होते. ठाण्यात विचारा, किती जणांना तो कक्ष कुठे आहे हे माहीत आहे. मुक्ताताई, तुमची सरसकट एफआयआर या मुलींच्या मागे लागेल. बीएनएसएस कलम १०० खाली डांबून ठेवल्याचा अर्ज करून मॅजिस्ट्रेटकडून झडती वॉरंट काढणारे बाप आत्ताच कमी नाहीत.

मुक्ता
मुलींच्या स्वातंत्र्याचे नाव पुढे करून मेलेल्या बायकांच्या तक्रारी दाबायच्या का? गुन्हा नोंदवला की ठाण्याच्या गुन्ह्यांचा आलेख चढतो, मिसिंग ठेवले की कागद कोरा राहतो. खरे कारण ते आहे.

आणि कायद्यात नाही असे म्हणू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १००: रस्त्यावर भटकणारी मानसिक आजारी व्यक्ती मिळाली तर पोलिसांनी हरवल्याचा एफआयआर घ्यायचा आणि तिचे घर शोधायचे. सापडलेल्यासाठी एफआयआर चालतो, मग हरवलेल्यासाठी का नाही?

हेड_मोहरर
आलेखाचा आरोप सरसकट सगळ्या ठाण्यांवर करू नका. एका ठाण्यात दीडशे अर्ज, मिसिंग बघायला एक हवालदार, तोही गणपतीत बंदोबस्ताला. हे न बघता लिहिणे सोपे आहे. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० चे म्हणणे बरोबर आहे, ते मी विसरलो नव्हतो. पण तिथे आरोपी लागत नाही. तसाच आरोपीविना, पण तपासाचे अधिकार देणारा कागद सज्ञान मिसिंगला हवा असे म्हणाल तर ऐकेन. आज अडचण नेमकी तिथे आहे. कागदपत्रे मागवणारी बीएनएसएस कलम ९४ ची नोटीस त्या संहितेखालच्या तपासात किंवा कामकाजातच काढता येते, आणि मिसिंगची चौकशी त्यात बसत नाही. बँक मॅनेजर हेच कारण सांगून खात्याचा उतारा नाकारतो. सीडीआर, म्हणजे मोबाइलच्या कॉलची नोंद, अधीक्षक किंवा उपायुक्तांच्या सहीने येतो, पण ती सही मिळेपर्यंत फाइल टेबलावर पडून असते.

कल्याण_फास्ट
कलमांवर भांडताय, पण मुळात शोधपत्रिका वाचली आहे का कुणी? ‘उंची ५ फूट २ इंच, अंगाने सडपातळ, रंग सावळा, नाक सरळ, चेहरा गोल, नेसणीस साडी, पायात चप्पल.’ या वर्णनात अर्धा डबा बसेल. कपडे तर घरच्यांनी अंदाजाने सांगितलेले. जाताना बघितलेच नसते. लिहायला हवे ते असे: गोंदण कुठे आणि कशाचे, सिझेरियनचा व्रण उभा की आडवा, कुठला दात पडलेला, पायात रॉड आहे का. सदरा शिवलेला असेल तर कॉलरच्या आत शिंप्याचे लेबल असते, त्यावरून गाव कळते.

हे लागते कारण बेवारस मृतदेह. रुळांवर माणूस गेला तर लोहमार्ग पोलीस अकस्मात मृत्यू नोंदवतात, बीएनएसएस कलम १९४ चा मृतदेहाचा पंचनामा होतो. मिसिंग मात्र शहर पोलिसांकडे. दोन रजिस्टरे, दोन आयुक्तालये. घरचे महिनोन्महिने ठाण्यात खेटे घालतात आणि माणूस दोन स्टेशनांपलीकडच्या शवागारात ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ५०’ म्हणून पडलेला असतो.

हेड_मोहरर
सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या देशभरच्या संगणक प्रणालीत, दोन्ही नोंदी जातात.

कल्याण_फास्ट
जातात, पण जुळवतो कोण? एका नोंदीत ‘निळा शर्ट’, दुसरीत ‘आकाशी सदरा’. फोटो चढवताना फुगलेल्या चेहऱ्याचा एकच चढवतात. गोंदणाचा आणि दातांचा वेगळा फोटो कुणी काढत नाही.

ओढ्याकाठची
आधारचे बोटांचे ठसे लावले तर पाच मिनिटांत ओळख पटेल. हे का करत नाहीत हे मला आजवर कळलेले नाही.

कल्याण_फास्ट
पटणार नाही. नंबर दिला तर ठसा त्या नंबराशी ताडून बघणे, एवढेच पोलिसांसाठी शक्य आहे. नुसत्या ठशावरून नाव शोधून देत नाहीत. आधार कायद्याच्या कलम ३३ खाली हायकोर्टाच्या न्यायाधीशाचा आदेश आणला तरी मूळ बायोमेट्रिक मिळत नाही. जिवंत माणसाला मात्र उपयोग होतो. नाव सांगू न शकणाऱ्याला आधार केंद्रात नव्याने नोंदवायला नेले की आधीची नोंद असल्याने अर्ज फेटाळला जातो, आणि त्या धाग्यावरून घर सापडते. नागपूरच्या मानकापूर केंद्रातून अशी हरवलेली मुले घरी गेली आहेत. आश्रयगृहांनी हे सर्रास करायला हवे.

मृतदेहासाठी डीएनए. कुजलेला असेल तर दाढा आणि मांडीच्या हाडाचा तुकडा, आणि कृपा करून फॉर्मालिनमध्ये टाकू नका, नमुना वाया जातो. घरच्यांकडून आई-वडील किंवा मुलाचे रक्त. एकट्या भावाचे पुरेसे ठरेलच असे नाही. पण तुलना करायला साठाच नाही. डीएनए विधेयकात हरवलेल्यांची स्वतंत्र सूची होती, ते सरकारने २०२३ मध्ये मागे घेतले.

मुक्ता
बरे झाले मागे घेतले. त्यात संशयितांचीही सूची होती. एकदा रक्त दिले की ते कशाला वापरतील याचा भरवसा नाही.

कल्याण_फास्ट
म्हणजे मृतदेह बेवारस जाळले तरी चालतील? ज्या आईने मिसिंग दिली ती स्वतः रक्त द्यायला तयार असते, तिला तुमचा खासगीपणा नको आहे. तिला मुलगा कुठे आहे ते हवे आहे.

मुक्ता
हरवलेल्यांची सूची वेगळी आणि गुन्ह्यांच्या सूचीशी न जोडलेली असेल तर माझा विरोध नाही. तेवढेच.

लीड्सवासी
मृतदेहांवरून जिवंतांकडे या. म्हातारी माणसे विसरभोळी होऊन निघून जातात, त्यांना तासांचा हिशेब असतो. इथे इंग्लंडात वेस्ट यॉर्कशायर पोलिसांमुळे पसरलेला हर्बर्ट प्रोटोकॉल आहे. जॉर्ज हर्बर्ट नावाच्या माजी सैनिकाच्या नावाचा. घरच्यांनी आधीच एक फॉर्म भरून ठेवायचा: ताजा फोटो, औषधे, जुने पत्ते, जुन्या नोकरीच्या जागा, रोजच्या वाटा. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस डोंबिवलीहून निघाला तर तो परळला जातो. हे पहिल्या दहा मिनिटांत कळले तर गाडी तिकडे वळवता येते. शिवाय इथे प्रत्येक तक्रारीला जोखमीचा दर्जा लावतात आणि दर्जा ठरवणाऱ्याची सही असते.

हेड_मोहरर
दर्जाची पद्धत मला पटते. स्मृतिभ्रंश, गरोदर, आत्महत्येची चिठ्ठी, हुंड्याची किंवा मारहाणीची आधीची तक्रार, मोबाइल घरीच राहिलेला, खात्यातून पैसे जाताहेत पण माणूस बोलत नाही: यातले एकही दिसले तर त्याच दिवशी पोलीस निरीक्षकाने लेखी कारण देऊन ठरवावे, गुन्हा की चौकशी. वसईच्या श्रद्धा वालकर या मुलीचा खून २०२२ च्या मे महिन्यात दिल्लीत झाला, मिसिंग आली ऑक्टोबरात, आणि आरोपीचे बिंग फुटले ते बँक व्यवहार आणि लोकेशनवरून. म्हणजे उशिरा आलेल्या खबरीतही काम होते, करायचे ठरवले तर. सरसकट एफआयआरला माझा विरोध कायम आहे.

मुक्ता
लेखी कारण आणि सही येणार असेल तर एफआयआरचा हट्ट तूर्त बाजूला ठेवते. पण ती सही झाली नाही तर घरच्यांनी काय करायचे तेही सांगा.

हेड_मोहरर
मिसिंगचा नंबर आणि तपासी अंमलदाराचे नाव लिहून घ्या. घातपाताचा संशय असेल तर तो अर्जात स्पष्ट शब्दांत मांडा, ‘काळजी वाटते’ एवढ्यावर सोडू नका. पोच घ्या. तरी गुन्हा घेतला नाही तर बीएनएसएस कलम १७३(४) खाली अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना, टपालाने अर्ज. तिथेही हालचाल नाही तर मॅजिस्ट्रेट. आणि माणूस परत आला की ठाण्यात येऊन सांगा. निम्मी रजिस्टरे घरी पोहोचलेल्या माणसांनी भरलेली असतात आणि आमचा हवालदार त्यांना शोधत फिरतो.